इथेच का? संख्याशास्त्रात काय शिकतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्याकडे एकच प्रश्न तीन रूपांत येतो. संख्याशास्त्र म्हणजे गणिताचाच जरा सोपा भाग ना? सरासरी, टक्केवारी तर एक्सेल काढून देतं, आता एआयही आलं, मग तीन-चार वर्षं त्यात शिकतात तरी काय? आणि शेवटी, थोड्या काळजीच्या आवाजात: मुलगी स्टॅट्स घेते म्हणतेय, घेऊ द्यावं का?

उभ्या उभ्या दिलेली उत्तरं पोचत नाहीत, हे आता पुरतं कळून चुकलंय. पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असे: विमा, बँका, औषध कंपन्या, यूपीएससीतून जाणारी भारतीय सांख्यिकी सेवा, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. यादी खरी आहे, आजही खरी आहे. पण ती ऐकून विचारणारा समाधानाने निघून जातो आणि विषय काय आहे ते त्याला कळलेलंच नसतं. तेव्हाचं ते उत्तर मला आज पळवाट वाटतं. म्हणून या वेळी नोकऱ्यांचं बाजूला ठेवतो आणि तुम्हाला एका सोयाबीनच्या शेतात नेतो.

त्याआधी गणिताचं एकदा स्पष्ट सांगून टाकतो. गणित लागतं. संभाव्यतेला कॅल्क्युलस लागतं, रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची रीत, नीट कळायला मॅट्रिक्स लागतात. गणित जमत नाही म्हणून स्टॅट्स घेतलेल्या मुलांची दुसऱ्या वर्षाला फरफट होते, आणि हे आधी न सांगणारे आम्ही शिक्षक त्याला निम्मे जबाबदार आहोत. पण गणितात ‘समजा’ म्हणून जे दिलं, ते दिलं. त्यावर कुणी शंका घेत नाही. आमच्याकडे झडती त्या ‘समजा’चीच घ्यायची असते. हा आकडा कागदावर येण्याआधी कुठे होता? कुणी मोजला, कशाने मोजला, कुणाला विचारून आणि कुणाला वगळून? हे प्रश्न एक्सेलला पडत नाहीत. त्याला रकान्यात जे दिलं, त्याची सरासरी तो इमानदारीने काढतो.

आता शेत. पीक विम्याची भरपाई ठरवायला मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या महसुली गटाचं, सरासरी उत्पादन लागतं आणि ते काढायला पीक कापणी प्रयोग करतात, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. प्रयोग कसा होतो ते मात्र बारकाईने पाहिलेले लोक कमी असतात. गट नंबर, म्हणजे कुठलं शेत ते, रँडम आकड्याने निवडून झालेला असतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. लांबी-रुंदी मोजायची, समजा 80 मीटर आणि 45 मीटर भरली. बऱ्याच पिकांना चौकट 10 बाय 5 मीटरची असते, म्हणून लांबीतून 10 आणि रुंदीतून 5 वजा करायचे. उरले 70 आणि 40. रँडम आकड्यांच्या तक्त्यातून एक आकडा 70 पर्यंतचा घ्यायचा, एक 40 पर्यंतचा. आले 37 आणि 12. कोपऱ्यापासून लांबीच्या दिशेने 37 मीटर, तिथून आत 12 मीटर, आणि जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथे पीक जोमदार असो, पिवळं पडलेलं असो की मध्येच तणाचा पट्टा असो.

मग उरलेल्या तीन खुंट्या आणि ताणून बांधलेली दोरी. चौकट काटकोनात आहे की नाही हे नजरेने ठरवायचं नसतं, कर्ण मोजायचे असतात. दोन्ही कर्ण 11.18 मीटर भरले पाहिजेत. एक 12 भरला तर दुसरा 10.3 भरणार, म्हणजे चारही बाजू बरोबर असून चौकट कलंडली आणि 50 चौरस मीटरचं क्षेत्र 49 वर आलं. ज्या झाडाचं बूड दोरीच्या आत ते घ्यायचं. बाहेरून आत झुकलेलं झाड, त्याला कितीही शेंगा असल्या तरी, घ्यायचं नाही. आतलं कापून ताडपत्रीवर आणायचं, मळायचं, उफणायचं, तोलायचं. ओलाव्यासाठी थोडं धान्य वेगळं काढून वाळवून पुन्हा तोलायचं. शेवटी 200 ने गुणायचं, कारण हेक्टरात 50 चौरस मीटरच्या 200 चौकटी बसतात.

या 200 वर क्षणभर थांबा. चौकटीतला एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल. ताडपत्रीच्या घडीत राहिलेलं मूठभर सोयाबीन, समजा 50 ग्रॅम, हेक्टरी 10 किलो होऊन बाहेर पडतं. बांधावर उभ्या माणसाला हे दिसत नाही, कारण गुणाकार नंतर कार्यालयात होतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. सोयाबीनच्या दोन ओळींत, शेतकऱ्यांच्या बोलीत दोन तासांत, साधारण 45 सेंटिमीटर अंतर असतं. ओळी चौकटीच्या लांब बाजूला समांतर आहेत असं धरा. पाच मीटर रुंदीत किती ओळी बसतील? 500 भागिले 45, म्हणजे 11.11. पण ओळ तर पूर्ण असते, तिचे तुकडे होत नाहीत. खुंटी आकड्याने सांगितलं तिथेच ठोकली, तर बहुतेक वेळा आत 11 ओळी येतात आणि शंभरातून साधारण 11 वेळा 12 येतात. त्या सगळ्यांची सरासरी पुन्हा बरोबर 11.11. म्हणजे एकेक प्रयोग थोडा चुकतो, पण सगळे मिळून चुकत नाहीत.

आता समजा चौकट आखणाऱ्याने पाहिलं की एक ओळ दोरीच्या जरा बाहेर राहतेय. ‘एवढी चांगली ओळ कशाला सोडायची’ म्हणून त्याने सगळी चौकट थोडी सरकवली. किती सरकवावी लागते? गणित करून पाहा: 12 ओळींची पहिल्यापासून शेवटपर्यंत रुंदी 495 सेंटिमीटर, म्हणजे 500 मध्ये त्या बसतात. पहिली खुंटी कुठेही पडलेली असो, जास्तीत जास्त 20 सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे सरकलं की प्रत्येक वेळी 12 ओळी आत येतात. वीतभर. चौकट 10 बाय 5 चीच राहिली, कर्ण 11.18 च भरले, टेप लावून कुणीही तपासलं तरी खोट सापडणार नाही. आणि उत्पादन 12 भागिले 11.11, म्हणजे आठ टक्के जास्त दिसलं.

हे आठ टक्के पुढे कुठे जातात? समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई सुरू होते ते, 14 क्विंटल आहे आणि खरं उत्पादन 12. तूट 2 भागिले 14, म्हणजे 14.3 टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये धरली तर भरपाई सुमारे 7,140 रुपये. आठ टक्के फुगून उत्पादन 12.96 दिसलं, की तूट 7.4 टक्के होते आणि भरपाई सुमारे 3,710. निम्मी. एका वितीने मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा निम्मा पैसा गेला, आणि ज्याने वीतभर सरकवली त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला ते जास्त नीट वाटलं होतं.

विषय काय आहे असं विचारलंत ना? विषय हा आहे. दोन जातींच्या चुका असतात. एक चूक आकडे वाढवले की कमी होते. समजा शेताशेतांतल्या उत्पादनाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचं पसरणं, हेक्टरी 4 क्विंटल आहे. दहा प्रयोग केले तर सरासरीची प्रमाण चूक, म्हणजे ती साधारण किती इकडेतिकडे होईल ते, 4 भागिले वर्गमूळ 10, म्हणजे 1.26 क्विंटल. ती निम्मी करायची तर प्रयोग चौपट करावे लागतात, 40. चारशे केले तर 0.2 वर येते. दुसरी चूक, एकाच बाजूला झुकणारी, जिला आम्ही बायस म्हणतो, ती जागची हलत नाही. वीतभर सरकण्यातून आलेलं 0.96 क्विंटल दहा प्रयोगांतही 0.96, चारशे प्रयोगांतही 0.96. उलट चारशे झाले की जास्त वाईट, कारण आता पहिली चूक इतकी लहान झालेली असते की चुकीच्या आकड्यावर सगळ्यांचा ठाम विश्वास बसतो. ‘एवढा प्रचंड डेटा आहे, चुकेल कसा’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा मला ती बाराव्या ओळीची दोरी दिसते.

आणि तो रँडम आकडा. ‘रँडम म्हणजे कसंही, कुठूनही’ असं बहुतेकांना वाटतं. माणसाला कसंही निवडताच येत नाही. डोळा चांगल्या पिकाकडे जातो, पाय सोप्या वाटेकडे जातात, आणि ज्याला शेतकऱ्याची कणव येते त्याचा हात वाईट कोपऱ्याकडे जातो. आकड्याने निवड करायची ती निवडीतून आपला हात काढून घेण्यासाठी. पहिल्या वर्षी रँडम आकड्यांचा तक्ता शिकवतो तेव्हा मुलांना तो सगळ्यांत कंटाळवाणा भाग वाटतो. पुस्तकातलं ते पान आहेही नीरस. पण विषयातली सगळ्यांत महत्त्वाची नैतिक गोष्ट त्याच पानावर आहे.

हा वाद जुना आहे आणि त्यात आपला एक माणूस आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी 1931 मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली आणि 1937 पासून बंगालच्या तागाचं नमुना सर्वेक्षण हाती घेतलं. पिकाचं उत्पादन मोजायला त्यांची माणसं शेतात छोटी छोटी वर्तुळं कापत, काही फूट त्रिज्येची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे 1911 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, फर्ग्युसनला शिकलेले, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले. ते कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी 1946-47 च्या सुमारास प्रयोगांनिशी दाखवलं की चौकट जितकी छोटी तितकं उत्पादन फुगून दिसतं.

का फुगतं ते तुम्ही स्वतः काढून बघा, दहावीचं गणित पुरतं. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ, क्षेत्र 12.57 चौरस फूट. कापणाऱ्याच्या हातून काठावर सगळीकडे दोन इंच जास्त घेतलं गेलं, म्हणजे काठावरची झाडं तो आत धरत गेला, तर क्षेत्र 14.75 होतं. सतरा टक्के जास्त. तेच दोन इंच 33 फूट बाय साडेसोळा फुटांच्या चौकटीला चारी बाजूंनी लावा: 544.5 चे 561 चौरस फूट होतात, म्हणजे तीन टक्के. चूक तीच, हात तोच, पण छोट्या आकाराला क्षेत्राच्या मानाने काठ फार असतो. 33 बाय साडेसोळा फूट म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, सुमारे 50.6 चौरस मीटर. आजच्या 10 बाय 5 मीटरच्या जवळपास तेवढाच.

कित्येक वर्षं मी हे असं सांगत आलो की सुखात्मे बरोबर आणि महालनोबीस चूक. सातारचा माणूस जिंकतो म्हणून सांगायला बरंही वाटे. आज माझंच ते सांगणं मला अपुरं वाटतं, कारण दुसऱ्या बाजूचं गणितही तितकंच खणखणीत आहे. ते असं. पिकातला मोठा फरक शेताशेतांत असतो, एकाच शेतात तेवढा नसतो. समजा शेताशेतांतलं विचलन 4 आहे. एका शेतात छोटं वर्तुळ कुठे पडतं यामुळे येणारं विचलन 3, मोठ्या चौकटीचं 1. दहा मोठ्या चौकटी घेतल्या तर प्रमाण चूक (16 + 1) भागिले 10 चं वर्गमूळ, म्हणजे 1.30. छोटं वर्तुळ निम्म्या वेळात होतं असं धरलं तर त्याच खर्चात वीस शेतं होतात. (16 + 9) भागिले 20 चं वर्गमूळ, 1.12. छोटं वर्तुळ जिंकलं! एका शेतात तासभर घाम गाळण्यापेक्षा दुसऱ्या शेतात जावं, हे महालनोबीसांचं म्हणणं पैशाच्या आणि माहितीच्या हिशेबात पक्कं होतं. काठाचा प्रश्न त्यांनाही ठाऊक होता. 1939 ते 1950 या काळातल्या कापणीच्या आकाराचा हिशेब पुढे त्यांच्याच संस्थेने मांडला. त्यांचं उत्तर होतं: माणसं पूर्णवेळची, शिकवून तयार केलेली ठेवा, म्हणजे काठ सांभाळला जाईल.

आणि माणसांवर नुसता विश्वास ठेवून ते थांबले नाहीत. त्यांनी नमुना दोन भागांत असा गुंफला की दोन वेगळ्या तुकड्या, एकमेकींशी न बोलता, त्याच भागात मोजणी करतील. दोघींचे आकडे जवळ आले तर ठीक. लांब गेले तर मोजणीतच काही बिघडलंय, हे त्याच आकड्यांतून उघड होतं. मला ही युक्ती आजही थक्क करते. पण दोन्ही तुकड्या एकाच दिशेने वीतभर सरकत असतील तर तीही गप्प बसते.

सुखात्म्यांचं म्हणणं मुळात वेगळ्या माणसाबद्दल होतं. देशभर हे काम महसूल आणि शेती खात्याची माणसं करणार, हजार इतर कामांच्या मध्ये, एका दिवसाच्या प्रशिक्षणावर. अशा हातांना चौकट मोठी द्या, म्हणजे काठाची चूक पातळ होईल. सरकारी पद्धत पुढे याच वळणाने गेली. मग बरोबर कोण? मोजणारा कोण आहे, यावर ते ठरतं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं आणि परीक्षेत दोन गुणांना. माझ्या लेखी सबंध अभ्यासक्रम त्या ओळीत आहे. हे मुलांना कसं शिकवावं याचं पक्कं उत्तर मला सापडलेलं नाही, कारण वर्गात दोरी नसते, फळा असतो.

‘हे शेतीपुरतं झालं’ असं म्हणाल. मग जनगणनेचा तक्ता उघडा, ज्यात एकेका वर्षाच्या वयाची लोकसंख्या दिलेली असते. 39 ला लोक कमी, 40 ला एकदम डोंगर, 41 ला पुन्हा दरी. पन्नासला तेच, पस्तीसला थोडं कमी उंचीचं तेच. त्या वर्षी खूप मुलं जन्मली होती असं नव्हे. दारात उभ्या प्रगणकाला कुणीतरी ‘असेल चाळीस’ म्हणून सांगितलं होतं, बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्याच माणसाचं वय. हा ओढा मोजायची साधी रीत आहे, व्हिपल निर्देशांक: 23 ते 62 वयाच्या लोकांतून ज्यांचं वय 0 किंवा 5 वर संपतं ते मोजा, त्याला 23 ते 62 च्या एकूण लोकसंख्येच्या पाचव्या भागाने भागा, 100 ने गुणा. 100 आलं तर ओढा नाही. सगळ्यांनीच 0 किंवा 5 वरचं वय सांगितलं तर 500. मुलीला आपल्या जिल्ह्याचा, पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा काढू द्या. एका दुपारचं काम आहे.

उलटंही घडतं, म्हणजे झीज हीच माहिती होते. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत, तेव्हा 1940 च्या सुमारास त्यांनी जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं घ्यायला सुरुवात केली, एकेक नाणं तोलून. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो, कारण काही फार फिरतात, काही पेटीत पडून राहतात. हे खरं आहे का, ते त्यांनी आपल्या काळातल्या चलनी नाण्यांवरही तपासलं. आणि ढिगातल्या जुन्या नाण्यांचे गट झिजेवरून पुढे-मागे लावले. तराजू आणि सरासरी, दोन साधनं. सरासरीइतकंच तिच्याभोवतीचं पसरणं बोलतं, हे याहून स्वच्छ उदाहरणाने मला सांगता येत नाही.

पसरण्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं सगळ्यांत वादग्रस्त उदाहरणही पुण्याचंच. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, माणशी रोजच्या 2250 कॅलरींची रेषा धरून. तेच सुखात्मे, आता पोषणाच्या प्रश्नात शिरलेले, म्हणाले की गरज ही एक संख्या नसते. ती माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेलाच रेषा मानलं तर धडधाकट माणसांतलेही कितीतरी जण रेषेखाली पडतात. रेषा खाली आणली तर खरोखर उपाशी असलेले काही जण आकड्यातून निसटतात. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती आणि वाद जिंकून-हरून संपला नाही. मला स्वतःला सुखात्म्यांचं गणित पटतं आणि त्याचा निष्कर्ष वापरताना हात थरथरतो. ही स्थिती मी लपवणार नाही.

बाकीचा अभ्यासक्रम पटकन सांगतो, कारण तो कुठल्याही माहितीपत्रकात सापडतो: संभाव्यता, वितरणं, अंदाज आणि चाचण्या, नमुना निवड, प्रयोगांची आखणी, रिग्रेशन, गुणवत्ता नियंत्रण, लोकसंख्याशास्त्र, कालश्रेणी, आर किंवा पायथन या संगणकी भाषांत काम. चाचण्यांबद्दल एकच वाक्य, कारण तिथेच जास्तीत जास्त गैरवापर होतो. पाच टक्क्यांची पातळी ठेवून, म्हणजे नसलेला परिणाम शंभरात पाच वेळा दिसला तर चालवून घ्यायचं ठरवून, 20 वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी तपासल्या आणि त्यांतल्या एकीतही खरा परिणाम नसला, तरी एखादी तरी ‘लक्षणीय’ दिसण्याची शक्यता 64 टक्के असते. किती गोष्टी तपासल्या हे न सांगता सापडलेली एक सांगणं म्हणजे बारावी ओळ आत ओढणंच.

मग घेऊ द्यावं का? मुलीला वरचा ओळींचा हिशेब द्या, 45 सेंटिमीटर आणि पाच मीटर. उत्तर 11.11 काढून ती वही मिटते की चौकट सरकवली तर काय होईल हे विचारत बसते, ते बघा. पहिलं उत्तर वाईट नाही, तिला गणित आवडेल. दुसरं असेल तर घेऊ द्या. आणि हेही सांगून ठेवा की पहिल्या नोकरीत महिनोन्‌महिने कुणीतरी चुकीचे भरलेले रकाने निस्तरावे लागतील आणि ‘हा आकडा आला कुठून’ असं विचारल्यावर बैठकीतली माणसं वैतागतील. तिने तरीही विचारावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती वैतागतील याची खात्रीही आहे.

एक प्रश्न राहिला. तो तुमच्यापैकी कुणी विचारत नाही, पण चौकट आखली जात असताना बांधावर उभा असलेला शेतकरी विचारतो. ‘इथेच का? पलीकडे बघा की, तिकडे सगळं पाण्यात गेलंय.’ पुस्तकी उत्तर आहे: आकडा आला म्हणून. दहा शेतांत मिळून हे न्याय्य ठरतं, कुठे चांगला तुकडा येतो, कुठे वाईट. मंडळाच्या सरासरीसाठी हे उत्तर मी कुणाहीपुढे ठामपणे देईन. पण भरपाई मंडळाच्या सरासरीवर मिळते आणि पाण्यात गेलेलं पीक त्याचं एकट्याचं आहे. मंडळ बरं निघालं तर या हिशेबातून त्याला काहीच मिळत नाही, आणि त्यात आमचं गणित कुठेही चुकलेलं नसतं. त्याच्या ‘इथेच का’ला ‘37 आणि 12 आले म्हणून’ एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. ते खरं आहे. त्याच्या तोंडावर ते देताना मात्र ते मलाही पुरत नाही.